एक डिस्क नीट बसवा, बाकीच्या छापा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यानंतर एक प्रश्न वारंवार कानावर येतो: 'आमच्याकडे वीस-पंचवीस मशीन आहेत, चालतात चांगली, पण विंडोज ११ घेत नाहीत. लिनक्स टाकायचं म्हटलं तर किती दिवस जातील?' लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याआधीची मशीन त्यात बसत नाहीत, पण एक साधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम दिली की लिनक्सवर आणखी काही वर्षं मजेत चालतात.

एका मशीनवर लिनक्स टाकणं आता अजिबात अवघड राहिलेलं नाही. पेनड्राइव्ह लावायचा, पाच-सात प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि चहा पिऊन यायचं. घोळ होतो तो हेच वीस वेळा करायला घेतलं की. वेळ जातो तो वेगळाच, पण त्याहून मोठी कटकट म्हणजे हातानं बसवलेली वीस मशीन कधीच एकसारखी होत नाहीत. एकावर मराठी कीबोर्ड टाकायचा राहतो, दुसऱ्यावर प्रिंटरचा ड्रायव्हर, तिसऱ्याचं अपडेट 'नंतर करू' म्हणून अर्धवट सुटतं. पुढे तक्रार आली की आधी शोधायचं काय, तर या मशीनवर नक्की काय आहे.

म्हणून ज्यांना हे काम सारखं करावं लागतं ते लिनक्स एकदाच बसवतात, पूर्ण अपडेट करतात आणि त्याची नक्कल बाकीच्या डिस्कवर उतरवतात. छापखान्यात शुद्धलेखन प्रुफावर तपासतात, छापून झालेल्या हजार प्रतींवर नाही. इथेही तसंच. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण नक्कल काढण्याआधी मास्टरमधून, म्हणजे त्या पहिल्या मूळ डिस्कमधून, काही गोष्टी पुसाव्या लागतात आणि नक्कल उतरल्यावर प्रत्येक डिस्कला तिची स्वतःची ओळख द्यावी लागते. हा टप्पा सर्रास गाळला जातो. लगेच काही बिघडत नाही, महिन्यानं बिघडतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मास्टर खऱ्या मशीनवर नको

पहिला मोह असतो तो समोरच्या एका मशीनवर लिनक्स टाकून त्याच डिस्कची नक्कल काढण्याचा. चालतं ते. पण मला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात प्रोग्रॅमनं उभा केलेला आभासी संगणक, जास्त सोयीचं वाटतं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू या प्रोग्रॅममध्ये ३२ जीबीची एक आभासी डिस्क बनवायची, रॉ प्रकारची, आणि लिनक्स तिच्यावर बसवायचं. मग तुमचा मास्टर म्हणजे लॅपटॉपवरची एक फाइल. तिची प्रत ठेवता येते, चार महिन्यांनी उघडून अपडेट करता येते, आणि बिघडलीच तर कालची प्रत परत घेता येते.

३२ जीबीच का? दुकानातली '२५६ जीबी'ची डिस्क आणि दुसऱ्या कंपनीची '२४०' किंवा '२५०' जीबीची डिस्क एका मापाच्या नसतात. मोठ्या डिस्कची नक्कल छोटीवर बसत नाही, शेवटचा तुकडा बाहेर राहतो. उलट छोटी नक्कल मोठ्या डिस्कवर निवांत बसते आणि उरलेली जागा नंतर जोडून घेता येते. ती जोडता यावी म्हणून मुख्य पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग), म्हणजे रूट, डिस्कवर सगळ्यात शेवटी ठेवायचं. स्वॅपला, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेला, वेगळं पार्टिशन देऊ नका, स्वॅप फाइल करा. नाहीतर रूटच्या पुढे स्वॅप ठाण मांडून बसतं आणि रूटला पसरायला जागाच उरत नाही.

कोणतं लिनक्स, यावर वाद घालायला मला आवडतं, पण इथे नको. डेबियन १३ धरू. ते ९ ऑगस्ट २०२५ ला आलं आणि नेहमीचा नि दीर्घकालीन आधार मिळून पाचेक वर्षांची निश्चिंती आहे. एक इशारा मात्र द्यायला हवा: डेबियन १३ ला ३२-बिटच्या जुन्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर नाही. लॅबमध्ये तसलं एखादं मशीन असेल तर ते या मोहिमेतून वगळा.

आता अपडेटचं. उतरवून घेतलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची, फाइल ही ती तयार झाली त्या दिवसाची असते. डेबियन दर दोनेक महिन्यांनी दुरुस्त्या एकत्र करून नवी आयएसओ काढतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या अधेमधे येतच राहतात. सहा महिन्यांपूर्वीच्या पेनड्राइव्हवरून वीस मशीन बसवली की प्रत्येकाला तीच शेकडो एमबीची अपडेट्स वेगवेगळी उतरवावी लागतात. एका मशीनचं एक जीबी धरलं तरी तुमच्या जोडणीवरून वीस जीबी गेले, आणि ते सगळं एकाच दुपारी. मास्टरमध्ये हे एकदाच होतं. पूर्ण अपडेट करायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. ही पायरी गाळू नका, कारण नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खरोखर उठतोय का ते त्याशिवाय कळत नाही. तो नीट उठला की जुना कर्नल काढायचा आणि एपीटी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनानं उतरवून साठवलेली पॅकेजं साफ करायची. साफ केली नाहीत तर तो सगळा केर वीस डिस्कवर जाईल.

व्हर्च्युअल मशीनचा एक तोटा आहे, तो आधीच सांगतो. फर्मवेअर म्हणजे वायफाय, ग्राफिक्स वगैरे चिपना लागणारे छोटे प्रोग्रॅम. २०२२ मध्ये डेबियनच्या मंडळींनी मतदान करून मुक्त नसलेलं फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये देण्याचं ठरवलं आणि डेबियन १२ पासून ते मिळतं. पण इन्स्टॉलर टाकतो फक्त समोर दिसलेल्या हार्डवेअरचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याला खरं वायफाय कार्ड दिसतच नाही, म्हणून तो काही टाकत नाही. मग खऱ्या मशीनवर डिस्क लावल्यावर 'वायफाय गायब' अशी बोंब होते. रिअलटेक, इंटेल आणि एएमडी यांची फर्मवेअर पॅकेजं मास्टरमध्ये हातानं टाकून ठेवा. तुमच्याकडे लागणार नाहीत तीही असू देत, जागा फार खात नाहीत.

तसाच प्रश्न इनिटरॅमएफएसचा. संगणक सुरू होताना मुख्य डिस्क सापडेपर्यंत कर्नलला लागणारे ड्रायव्हर या छोट्या गाठोड्यात असतात. डेबियन मुळातच त्यात बहुतेक सगळे ड्रायव्हर भरतं, त्यामुळे एका मशीनवरची डिस्क दुसऱ्यावर सहसा चालते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात ड्रॅकट नावाचं साधन आहे आणि ते गाठोडं त्या-त्या मशीनपुरतंच बांधतं. फेडोराचा मास्टर करणार असाल तर 'होस्ट-ओन्ली' ही सेटिंग बंद करून ते नव्यानं बांधा. विसरलात तर डिस्क नव्या मशीनमध्ये अर्ध्यावर अडकते आणि पडद्यावर आणीबाणीचा प्रॉम्प्ट येतो.

मराठीची तयारीही इथेच उरकून घ्या: देवनागरी फॉन्ट, भाषा टाइप करायचं साधन आयबस आणि त्याला मराठी फोनेटिक किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, वेळ आशिया/कोलकाता, लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर. बायका-पोरं, सर-मॅडम, कारकून सगळ्यांना पहिल्या दिवशी नेमकं हेच लागतं.

डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये गेली की उठेल का?

यूईएफआय म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. तो असलेल्या मशीनमध्ये 'कोणती सिस्टीम सुरू करायची' ही नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या छोट्या स्मृतीत असते. तुम्ही नक्कल काढता ती डिस्कची, मदरबोर्डची नव्हे. त्यामुळे नवी डिस्क लावलेल्या मशीनला डेबियनबद्दल काहीच माहीत नसतं आणि ते 'बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही' म्हणून मोकळं होतं. डिस्क मात्र ठणठणीत असते.

याला तोड आहे. नोंद सापडली नाही की यूईएफआय डिस्कवरच्या एका ठरावीक जागी बघतं: ईएफआय पार्टिशनमधल्या 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनवर चालतो तो याच जागेमुळे. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. डेबियनचं त्याचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर केलं की ते विचारतं, 'रिमूव्हेबल मीडियाच्या मार्गावरही ग्रब टाकू का?' तिथे हो म्हणायचं. उबुंटू (आणखी एक लिनक्स) ही फाइल सहसा स्वतःहूनच ठेवतं.

काही मशीन इतकी जुनी असतात की त्यांना यूईएफआयच कळत नाही, निव्वळ बायोस, म्हणजे त्याआधीची पद्धत. त्यांच्यासाठी मास्टरच्या पार्टिशन करतानाच १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन ठेवा आणि ग्रबचा बायोसवाला अवतारही त्याच डिस्कवर बसवा. दोन्ही गुण्यागोविंदानं राहतात, आणि मग एकच मास्टर २०११ च्या आणि २०१७ च्या मशीनवर चालतो. पार्टिशन करताना पाच मिनिटं जास्त जातात. नंतर 'ही डिस्क कोणत्या मशीनची' अशा चिठ्ठ्या चिकटवत बसण्यापेक्षा ते बरं.

नक्कल काढण्याआधी काय पुसायचं

सगळ्यात आधी मशीन-आयडी. 'इटीसी' फोल्डरात या नावाची एक फाइल असते, तिच्यात ३२ अक्षरांचा एक आकडा. लिनक्स बसवताना तो यादृच्छिक तयार होतो आणि त्या मशीनची आतली ओळख म्हणून अनेक प्रोग्रॅम तो वापरतात. नक्कल काढली की वीसही मशीनची ओळख एकच.

याचा त्रास कसा होतो, ते जवळून बघा. सिस्टीमडीचं, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, नेटवर्क व्यवस्थापन वापरणाऱ्या सिस्टीम, उदाहरणार्थ उबुंटू सर्व्हर, राउटरकडे आयपी पत्ता मागताना स्वतःची ओळख या मशीन-आयडीवरून बनवून देतात. मशीन एकाच मॉडेलची असली की ओळखीचा उरलेला भागही जुळतो. राउटरला वाटतं हा तोच संगणक परत आलाय, म्हणून तो दोघांनाही तोच पत्ता देतो. पहिल्या मशीनवर नेट चालू असतं, दुसरं सुरू केलं की पहिल्याचं तुटतं, पहिलं रीस्टार्ट केलं की दुसऱ्याचं. मग केबल बदलून बघतात, स्विच बदलतात, शेवटी राउटरवर खापर फुटतं. डेस्कटॉपवर बहुधा नेटवर्कमॅनेजर असतो आणि तो मुळात लॅनकार्डचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, देतो, म्हणून तिथे हा घोळ सहसा दिसत नाही. पण मशीन-आयडी वापरणाऱ्या बाकीच्या गोष्टी आहेतच.

उपाय अगदी छोटा: मास्टर बंद करण्याच्या अगदी आधी ही फाइल रिकामी करायची. फाइल उडवायची नाही, रिकामी ठेवायची. पुढच्या सुरुवातीला सिस्टीमडी स्वतः नवा आकडा तयार करतं. फाइल अजिबात नसली तर 'हे मशीन पहिल्यांदाच सुरू होतंय' असं समजून ते सेवांची मांडणी मूळपदावर आणायला जातं. त्याची आपल्याला गरज नाही. आणि एकदा रिकामी केली की मास्टर पुन्हा सुरू करायचा नाही. 'जरा एकदा बघून घेतो' म्हणून सुरू केलात तर नवा आकडा मास्टरमध्येच बसतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसरं, एसएसएचच्या चाव्या. दूरवरून मशीनमध्ये शिरण्यासाठी एसएसएच बसवलं की ते त्या मशीनची एक गुप्त चावी तयार करतं. 'मी खरंच तोच संगणक आहे' हे ते तिच्यावरून पटवून देतं. वीस मशीनवर एकच चावी असली तर त्यातल्या एकावर ज्याचा ताबा आहे तो बाकी एकोणिसांचं सोंग आणू शकतो, आणि समोरच्याला धोक्याची सूचनाही येत नाही. चाव्या मास्टरमधून उडवाव्या लागतात. पण इथे डेबियनची एक खोच आहे: उडवलेल्या चाव्या ते आपण होऊन परत बनवत नाही आणि चाव्यांशिवाय एसएसएच सुरूच होत नाही. म्हणून पहिल्या सुरुवातीला चालणारी एक छोटी सेवा लिहून ठेवायची, तिनं एसएसएच-कीजेनला 'ज्या नाहीत त्या सगळ्या बनव' असं सांगायचं. फेडोरात ही सोय आधीच असते.

तिसरं, मशीनचं नाव. ते दोन जागी असतं, एक 'होस्टनेम' फाइलमध्ये आणि दुसरं 'होस्ट्स'मध्ये, १२७.०.१.१ च्या शेजारी. पहिलं बदलून दुसरं तसंच ठेवलं की दर वेळी सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं काम करायची आज्ञा, चालवताना 'या नावाचा संगणक सापडत नाही' अशी कुरकुर ऐकू येते. नाव आपोआप द्यायचं तर अनुक्रमांकावरून देऊ, असं सगळ्यांच्या मनात येतं. कंपनीच्या मशीनवर ते जमतं. पण जोडून घेतलेल्या मशीनमध्ये अनुक्रमांकाच्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' एवढंच लिहिलेलं निघतं, आणि मग अख्ख्या लॅबचं नाव तेच! त्यापेक्षा लॅनकार्डच्या मॅक पत्त्यातली शेवटची सहा अक्षरं घ्यावीत.

बाकीचं भराभर सांगतो. मास्टर तयार करताना घरच्या वायफायचा पासवर्ड टाकला असेल तर तो पुसा, नेटवर्कमॅनेजर तो फाइलीत ठेवतो. ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्यात लॉगिन केलं असेल तर तेही पुसा. टर्मिनलचा इतिहास, लॉग, तात्पुरत्या फाइली. वापरकर्त्याचा पासवर्ड सगळ्यांवर सारखाच जाणार, म्हणून चेज या आज्ञेनं तो मुदतबाह्य करून ठेवा. पहिल्या लॉगिनलाच सिस्टीम नवा पासवर्ड मागते.

आणि डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करणार असाल तर थांबा. लक्स या लिनक्सच्या पद्धतीनं कूटबद्ध केलेल्या मास्टरची नक्कल काढली की प्रत्येक डिस्कवरची खरी, आतली किल्ली एकच राहते. तुमचा पासफ्रेज त्या किल्लीवरचं फक्त झाकण. वीस ठिकाणी वीस वेगळे पासफ्रेज ठेवले तरी आतली किल्ली तीच, आणि ती एका मशीनमधून काढता आली की बाकीच्यांचाही कार्यभाग उरकला. सरळ उपाय म्हणजे मास्टर उघडाच ठेवणं आणि नक्कल उतरल्यावर प्रत्येक डिस्क वेगळी कूटबद्ध करणं. दुसरा म्हणजे क्रिप्टसेटअप या साधनाच्या री-एन्क्रिप्टनं किल्ली बदलून घेणं. दोन्हीला वेळ लागतो. पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या मशीनवर तो द्यावा, शाळेच्या लॅबमध्ये मी कूटबद्ध करण्याच्या भानगडीत पडत नाही.

छपाई

आता प्रत्यक्ष उतरवणं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं साधन म्हणजे डीडी. डीडी तुम्ही सांगाल तिथून वाचतं आणि सांगाल तिथे लिहितं, 'नक्की ना?' असं एका शब्दानंही विचारत नाही. म्हणूनच गमतीनं त्याला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. ज्या डिस्कवर लिहायचं तिचं नाव एसडीबी आहे की एसडीसी, हे मशीन रीस्टार्ट झालं की बदलू शकतं. म्हणून एलएसबीएलके या आज्ञेत आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक हे तिन्ही रकाने दाखवायला सांगा आणि डिस्कवरच्या लेबलशी पडताळा. लॅपटॉपची स्वतःची डिस्क आणि नवी डिस्क एकाच आकाराच्या असल्या की फक्त अनुक्रमांकच वाचवतो.

डीडी सांगितल्याशिवाय ५१२-५१२ बाइटचे घास घेतं आणि त्यामुळे रखडतं. घास ४ एमबीचा करा. शेवटी एफसिंक लावा. नाहीतर पडद्यावर 'झालं' दिसतं तेव्हा शेवटचे शेकडो एमबी अजून रॅममध्येच असतात आणि घाईनं डिस्क ओढली की ते गेले.

वेग किती मिळेल हे डिस्कपेक्षा वाटेवर ठरतं. यूएसबी २ च्या पोर्टातून प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीसेक एमबी जातात. २५६ जीबीची अख्खी डिस्क त्यातून उतरवायला दोन तास लागतील. यूएसबी ३ आणि चांगला अडॅप्टर असेल तर सेकंदाला चारशेपर्यंत एमबी मिळतात, आणि आपला ३२ जीबीचा मास्टर दीड मिनिटात उतरतो. लहान मास्टरचा हा दुसरा फायदा. मात्र चार डिस्क एकाच यूएसबी हबला लावल्या की तो वेग चौघांत वाटला जातो, म्हणून लॅपटॉपचे वेगवेगळे पोर्ट वापरा. स्वस्तातल्या काही एसएसडी सुरुवातीला धावतात आणि त्यांची आतली जलद जागा भरली की एकदम मंदावतात. ते दिसलं म्हणून लगेच डिस्क खराब समजू नका.

एकाच वेळी तीन-चार डिस्कवर लिहायचं तर टी नावाची छोटी आज्ञा आहे, ती एक प्रवाह अनेक ठिकाणी पाठवते. फाइल एकदाच वाचली जाते आणि सगळीकडे लिहिली जाते. पण सगळ्यांचा वेग सगळ्यात मंद डिस्कवर ठरतो. त्यापेक्षा मला बीमॅपटूल आवडतं. मास्टरमध्ये जी जागा खरोखर भरलेली आहे तिचा नकाशा ते आधी बनवतं आणि तेवढंच उतरवतं. ३२ पैकी ९ जीबी भरले असतील तर नऊच. वाचताना चेकसमही तपासतं, म्हणजे फाइल बिघडलेली नाही ना ते बघतं. चार टर्मिनल उघडायची, चार डिस्क लावायच्या, चारही एकदम सुरू करायच्या. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर पहिल्यानं वाचलेले ते ९ जीबी रॅममध्येच राहतात आणि बाकीच्या तिघांना तिथूनच मिळतात. हे कोऱ्या डिस्कसाठी झालं. जुन्या, वापरलेल्या डिस्कवर मी डीडीच मारतो आणि ३२ च्या ३२ जीबी लिहितो. बीमॅपटूल रिकामी समजून सोडलेल्या जागेत जुनं काहीबाही उरू शकतं, आणि चार मिनिटं वाचवण्यापायी ती जोखीम कशाला.

लिहून झालं की प्रत्येक डिस्कवर एक बारीक काम उरतं. जीपीटी पद्धतीत पार्टिशनच्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटाला असते. ३२ जीबीची नक्कल मोठ्या डिस्कवर उतरली की ती दुसरी प्रत मध्येच कुठेतरी पडते. एसजीडिस्क तिला खऱ्या शेवटाला नेतं. मग ग्रोपार्ट रूट पार्टिशन डिस्कभर ताणतं आणि रिसाइझ२एफएस आतली एक्स्ट४ फाइलसिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, मोठी करतं. एक्स्ट४ चालू असतानाही वाढवता येते, त्यामुळे ही तिन्ही कामं पहिल्या सुरुवातीच्या सेवेत, एसएसएच-चाव्यांच्या शेजारीच टाकून द्या. हात लावायला नको.

डिस्क मशीनमधून काढणं शक्य नसेल, स्क्रू बुरसटलेत किंवा वॉरंटीचं सील आहे, तर नेटवर्कवरून उतरवा. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात, एनसीएचसीमध्ये, तयार झालेलं क्लोनझिला हे त्यासाठीचं रुळलेलं साधन. त्याच्या सर्व्हर आवृत्तीत मल्टिकास्ट आहे, म्हणजे मास्टर एकदाच प्रसारित होतो आणि वीसही मशीन तो एकदम ऐकून उतरवून घेतात. तारेचं नेटवर्क लागतं, वायफायवर हा खेळ मांडू नका. आणि स्विच बघा. गिगाबिट असेल तर ३२ जीबीला साधारण साडेचार-पाच मिनिटं. कोपऱ्यात धूळ खात पडलेला १०० मेगाबिटचा स्विच मध्ये आला तर पाऊण तास. क्लोनझिला भरलेलाच भाग पाठवतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण प्रमाण तेच राहतं.

एक पथ्य: दोन नकला एकाच मशीनला एकदम लावून तिथून बूट करू नका. नकलांचे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळखक्रमांक, सारखे असतात. वेगवेगळ्या मशीनमध्ये त्याचं काही बिघडत नाही. उलट एफएसटॅब, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी, आहे तसं चालतं, हीच तर सोय. पण एकाच मशीनमध्ये दोन जुळ्या आल्या की लिनक्स एकीवरून सुरू होऊन दुसरीवर लिहू शकतं. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम अशा वेळी सरळ माउंट व्हायला नकार देते, आणि बीटीआरएफएसमध्ये तर माहिती खराब होण्याची भीती असते. म्हणून उतरवण्याचं काम वेगळ्याच लिनक्सवरून करायचं, तुमच्या लॅपटॉपवरून किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून.

लॅबमध्ये लावल्यानंतर

पहिलं मशीन लावून पूर्ण बघा आणि मगच बाकीची. मशीन-आयडी वेगळा आला का, नाव बदललं का, डिस्क पूर्ण आकाराची दिसते का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का.

जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची गोल बॅटरी मेलेली असण्याची दाट शक्यता असते. वीज गेली की घड्याळ मागे जातं आणि बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात, त्यात बूटचा क्रमही आला. घड्याळ मागे असलं की एपीटी 'ही यादी अजून वैध झालेली नाही' म्हणून अपडेट नाकारतं आणि ब्राउझर एकेका संकेतस्थळाचं प्रमाणपत्र चुकीचं ठरवतो. नेट मिळाल्यावर लिनक्स वेळ दुरुस्त करतं खरं, पण संस्थेच्या फायरवॉलनं वेळेच्या सर्व्हरचा मार्ग अडवला असेल तर तेही होत नाही. डिस्क बसवायला झाकण उघडलेलंच असतं, तेव्हाच बॅटरीही बदलून टाकावी.

पुढच्या अपडेटचं काय? मास्टरमध्येच 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू करून ठेवलं की सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. मात्र वीस मशीन त्याच फाइली वीस वेळा उतरवतील. त्यातल्या एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्यांना त्याच्या ३१४२ क्रमांकाच्या पोर्टकडे बोट दाखवा. एखादं पॅकेज पहिल्यांदा कुणी मागितलं की ते इंटरनेटवरून येतं, उरलेल्या एकोणिसांना जागच्या जागी मिळतं. मंद जोडणीवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

नक्कल न काढता हे करण्याचीही एक रीत आहे. डेबियनचं प्रीसीड, उबुंटूचं ऑटोइन्स्टॉल, रेड हॅट आणि फेडोराचं किकस्टार्ट: इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं फाइलीत लिहून ठेवायची आणि तो स्वतःच प्रत्येक मशीनवर नव्यानं बसवतो. यात ओळख पुसण्याचा प्रश्नच येत नाही, कारण प्रत्येक मशीनची ओळख नव्यानंच तयार होते. पॅकेजंही त्या दिवशीची ताजी, आणि फर्मवेअर समोरच्या हार्डवेअरचं. शेकडो मशीन असतील, दर महिन्याला नवी येत असतील किंवा प्रत्येकाचं हार्डवेअर वेगळं असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा. पण उत्तरांची ती फाइल बिनचूक होईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. वीस-पंचवीस मशीनसाठी, तेही वर्षातून एकदा, मी नकलेच्याच बाजूचा आहे.

नक्कल काढायला जी फाइल वापरली ती फेकू नका, पण तीच मास्टर म्हणूनही ठेवू नका. ओळख पुसण्याच्या आधीची एक प्रत वेगळी असू द्या. पुढे सहा महिन्यांनी एखादी डिस्क गेली किंवा तीन नवी मशीन आली की ती प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडायची, अपडेट करायचं, कर्नल एकदा उठवून बघायचा, ओळख पुसण्याची स्क्रिप्ट चालवायची आणि नवी फाइल काढायची. फाइलीच्या नावात तारीख घाला. नाहीतर 'मास्टर-अंतिम', 'मास्टर-अंतिम-२' आणि 'मास्टर-अंतिम-खरंच' यांतली ओळख पुसलेली कोणती, हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते.